उपदेश तयार करताना आधी अख्खा अध्याय वाचा

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29व्या अध्यायातलं 11वं वचन तुम्हाला पाठ असेल. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं परमेश्वर त्यात सांगतो. सेवेच्या सुरुवातीच्या काळात मी या एकाच वचनावर पाऊण तास उपदेश केला होता. उपासना सुटल्यावर एक बाई दाराशी थांबल्या. त्यांचा मुलगा दवाखान्यात होता. माझा हात धरून त्यांनी विचारलं, “म्हणजे पोरगं बरं होणारच ना, पाळकसाहेब?” मी म्हणालो, “हो, विश्वास ठेवा.” तीन आठवड्यांनी मी त्या मुलाच्या दफनविधीला उभा होतो.

त्या रात्री मी तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचला. ते एक पत्र आहे, बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवासात नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून पाठवलेलं. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया मात्र लिहितो : घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. 70 वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणारी मोठी माणसं बहुतेक तिथेच मरणार होती, आणि त्यांनाच देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. त्या आईला हे ऐकायची गरज होती. मी तिला हनन्याचा संदेश दिला होता. पुढे त्यांच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. वचनात नव्हतं ते आश्वासन मी देवाच्या नावाने दिलं, असं स्पष्ट सांगितलं.

तेव्हापासून तयारीची जी रीत धरली, ती सांगतो.

सोमवारी शास्त्रभाग मोठ्याने वाचतो, आणि त्याच्या मागचा-पुढचा अध्यायही. भाष्यग्रंथ बुधवारपर्यंत उघडत नाही. वहीत तीनच गोष्टी लिहितो : कोण बोलतंय, कोणाला, आणि त्या वेळी त्यांच्यावर काय गुदरलं होतं. ही तीन उत्तरं मिळेपर्यंत वचन आजच्या माणसाला लावायचं नाही. फिलिप्पैच्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेल्या पत्रातलं 4:13 घ्या. ‘मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे’ हे परीक्षेच्या यशासाठी सर्रास वापरलं जातं. पौल ते बेड्यांत असताना लिहितोय, आणि वरच्याच ओळीत भूक आणि टंचाई सोसायला शिकल्याचं सांगतोय.

मग सगळा उपदेश एका वाक्यात लिहायचा. यिर्मया 29 साठी माझं वाक्य असं होतं : बंदिवास लांबला तरी परमेश्वर आपल्या लोकांना विसरत नाही, म्हणून आहात तिथे विश्वासूपणे जगा. या वाक्याला जोडलेलं नसेल ते कितीही सुंदर असो, काढून टाकायचं. मला हे अजूनही जड जातं.

शास्त्रभागावरून ख्रिस्तापर्यंत जाताना ओढाताण करू नका. शास्त्र स्वतःच वाट दाखवतं. याच पुस्तकात 31:31 मध्ये परमेश्वर नव्या कराराचं वचन देतो, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू प्याला घेऊन म्हणतो की हा माझ्या रक्तातला नवा करार आहे (लूक 22:20). बंदिवानांना दिलेलं वचन वधस्तंभापाशी पोचतं, ते असं. हे न दाखवता नुसतं ‘धीर धरा’ म्हटलं, तर तो सल्ला झाला. शुभवर्तमान सांगायचं राहूनच गेलं.

शक्य असेल तर एक पुस्तक घेऊन ओळीने उपदेश करा. सोन्याच्या तोंडाचा म्हणून ओळखला गेलेला प्राचीन मंडळीतला उपदेशक योहान ख्रुसोस्तम याचे एकट्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरचे 90 उपदेश आज उपलब्ध आहेत. धर्मसुधारक झ्विंग्लीने 1 जानेवारी 1519 रोजी झुरिकमध्ये मत्तयापासून असाच आरंभ केला. दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन याला 1538 मध्ये जिनिव्हातून घालवून दिलं होतं. 1541 मध्ये परतल्यावर त्याने तक्रारीचा सूर न लावता जिथे थांबला होता तिथूनच पुढचा भाग घेतला. या पद्धतीत आपल्या आवडीची वचनं निवडता येत नाहीत, अवघड भागही टाळता येत नाहीत. मंडळीत कोणाला टोमणा मारायला वचन शोधण्याचा मोहही आपोआप सुटतो.

शुक्रवारी मी त्या आठवड्यात भेटलेल्या चार माणसांची नावं वहीत लिहितो आणि प्रत्येकासाठी प्रार्थना करत भाग पुन्हा वाचतो. काम गेलेल्याला हे कसं ऐकू येईल? नुकतं लग्न मोडलेल्या मुलीला? पण घरभेटीत कानावर आलेली गोष्ट व्यासपीठावर कधीही सांगू नका, नाव गाळूनही नाही. लोक ओळखतात, आणि पुन्हा तुमच्यापाशी मन मोकळं करत नाहीत. याच वेळी मी स्वतःलाही विचारतो की या वचनापुढे मला कशाचा पश्चात्ताप करायचा आहे. उत्तर सापडत नसेल तर तयारी झालेली नाही.

भाषेचं थोडक्यात सांगतो. नहेम्या 8:8 मध्ये लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, नियमशास्त्र वाचतात आणि लोकांना समजेल असा अर्थ सांगतात. तेवढंच करा. ‘नीतिमान ठरवणे’ म्हणालात तर लगेच सांगा की देव दोषी माणसाला ख्रिस्तामुळे निर्दोष म्हणतो. शनिवारी सगळं मोठ्याने वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा. अर्धा तास पुष्कळ झाला.

रविवारी दाराशी कोणी “छान झालं” म्हणालं, तर मी विचारतो, “कोणतं वचन लक्षात राहिलं?” नुसतं उदाहरणच आठवत असेल, तर तेही वहीत लिहून ठेवतो, आणि सोमवारी पुढचा भाग उघडण्याआधी ते वाचतो.