मांजरीचं ऑपरेशन: टाके सुकेपर्यंतची तयारी

नसबंदीची तारीख घेण्याआधी कॅलेंडर समोर ठेवा आणि ऑपरेशनच्या दिवसापासून पुढचे १४ दिवस मोजा. त्या १४ दिवसांत घरी लग्न आहे का, गणपती आहेत का, रंगकाम काढलंय का, पाहुणे येणार आहेत का, ते बघा. असेल तर तारीख पुढे ढकला. डॉक्टरांचं काम तासाभरात उरकतं, जखम मात्र आपल्या घरात भरते, आणि तिला भरायला १० ते १४ दिवस लागतातच. निदान पहिले तीन दिवस कोणीतरी पूर्ण वेळ घरात हवं. शुक्रवारी किंवा शनिवारी ऑपरेशन केलं तर नोकरी करणाऱ्यांना जमतं. मांजर माजावर, म्हणजे बोक्याला बोलावण्याच्या दिवसांत, असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. माजात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून बरेच डॉक्टर माज ओसरेपर्यंत थांबतात.

तारीख ठरली की डॉक्टरांना चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या. छेद पोटावर मधोमध घेणार की कुशीवर? बाहेरचे टाके काढायचे की आतल्या आत विरघळणारे? दुखण्याचं औषध कोणतं, किती आणि किती दिवस? रात्री अडचण आली तर फोन कोणाला करायचा? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचाराच. रात्री दोनला नंबर शोधत बसण्यासारखी वाईट वेळ नाही.

आता कॉलर. गळ्यात घालायचा तो प्लॅस्टिकचा शंकू ऑपरेशनच्या आधी विकत घ्या, घरी आणा आणि रोज पाच-दहा मिनिटं घालून बघा. कॉलरची कड नाकाच्या पुढे दोन-तीन सेंटीमीटर आली पाहिजे आणि गळ्याशी दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. आखूड कॉलरचा काही उपयोग नाही, मांजर अंग वळवून टाक्यांपर्यंत पोचतंच. तिच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्याच काट्यांनी ती हाडावरचं मांस खरवडते. ती जीभ ताज्या टाक्यांवर फिरली तर काय होईल, याची कल्पना करा. शिवाय तोंडातले जंतू जखमेत जातात ते वेगळेच. ‘चाटून जखम बरी होते’ हे आपण लहानपणापासून ऐकलंय, पण शिवलेल्या जखमेला ते अजिबात लागू नाही.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगते, कारण आमच्या मैनाच्या वेळी मी चुकले. चार दिवस तिने कॉलर निमूट घातली. पाचव्या रात्री ती भिंतीला, दाराला धडकत फिरत होती, खाताना कॉलर ताटलीत अडकत होती. मला बघवेना. झोपताना कॉलर काढली, म्हटलं मी शेजारीच आहे. पहाटे जाग आली तेव्हा दोन टाके तुटलेले होते आणि जखमेचं तोंड उघडं होतं. तिला पुन्हा भूल द्यावी लागली, पुन्हा शिवावं लागलं, आणि दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. तेव्हा कीव आली तर तिला जवळ घ्या, कॉलरच्या आतून गालाला खाजवा, पसरट बशीत हाताने भरवा. कॉलर काढू नका. अगदीच चालत नसेल तर डॉक्टरांना विचारून कापडी सूट घाला. तान्ह्या बाळाचं जुनं सुती झबलं किंवा टी-शर्टची बाही चार पायांना भोकं पाडून चांगली बसते. दोन-तीन हवीत, कारण लघवीने ओलं झालेलं कापड जखमेवर क्षणभरही राहता कामा नये.

मग खोली. कपाटं, खिडकीचे कट्टे, माळ्याकडे जाणाऱ्या वाटा, सगळं बघा. उडी मारली की पोटाच्या स्नायूंवर ताण येतो, आणि आतले टाके त्या स्नायूतच असतात. वरची कातडी छान जुळलेली दिसते आणि आतला थर उसवतो, असंही होतं. एक लहान खोली निवडा, गादी पलंगावरून खाली घ्या, स्टूल-खुर्च्या बाहेर काढा. गॅलरीचं दार बंद. खोली मिळत नसेल तर मोठा पिंजरा भाड्याने किंवा उसना आणा.

लिटरची, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधली, बारीक वाळू किंवा माती या दिवसांत नको, तिचे कण टाक्यांना चिकटतात. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून ट्रेमध्ये घाला, आणि हा बदल तीन-चार दिवस आधीच करा, म्हणजे नेमक्या त्या दिवशी ती अडून बसणार नाही. ट्रेची कड बुटकी असू द्या.

फरशी पुसायचं फिनेलही या खोलीपुरतं बंद करा. ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात. पोट टेकून बसलेल्या मांजरीच्या अंगाला, पंजांना ती लागतात आणि चाटण्यातून पोटात जातात. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याने, आणि कोरडं करा.

आदल्या रात्री किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील. पिल्लू असेल तर ही वेळ कमी असते, म्हणून दुसऱ्याचं ऐकून ठरवू नका. भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. त्या रात्री ओट्यावर मासळी झाकून ठेवा, कचऱ्याचा डबा बंद करा. घरातल्या आजी-आजोबांना आणि मुलांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी मायेने दुधाची वाटी पुढे करतंच.

घरी आणल्यावर ती झोकांड्या खाईल. डोळे उघडे राहतील, बाहुल्या मोठ्या दिसतील, कधी आपल्याच माणसावर फिस्कारेल. घाबरू नका, भूल उतरायला वेळ लागतो. या वेळी तिला अंगाची ऊब राखता येत नाही, म्हणून गोधडी, टॉवेल तयार हवा. गरम पाण्याची पिशवी दिलीत तर जाड टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा. अंगाखाली कधीच नको, चटका बसला तरी गुंगीतल्या मांजरीला सरकता येत नाही. शुद्धीवर येऊन नीट बसायला लागली की थोडं पाणी, मग नेहमीच्या पाव हिश्श्याएवढं खाणं. उकडलेला मासा किंचित कोमट करून द्या, वासाने भूक उघडते. एखादी उलटी चालते. दुसऱ्या दिवशीही तोंड लावत नसेल तर फोन करा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं.

जखम दिवसातून दोनदा बघा, उजेडात, हात न लावता. रोज एकाच वेळी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आदल्या दिवशीच्या फोटोशी ताडून पाहिलं की फरक लगेच कळतो, आणि डॉक्टरांना दाखवायलाही बरं पडतं. पहिल्या दोन दिवसांत कडा गुलाबी असणं, थोडी सूज असणं, पाण्यासारखा लालसर थेंब दिसणं ठीक आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी टाक्यांखाली दोरीसारखा कडक उंचवटा लागला तरी बहुतेकदा तो आतल्या धाग्यांचा असतो.

आणि जखमेला काहीही लावू नका. सासूबाई हळद-तेलाची वाटी घेऊन आल्या होत्या, पण हळद, खोबरेल, बोरिक पावडर, डेटॉल, स्पिरिट यांतलं काहीच तिथे नको. काही चाटण्यातून पोटात जातं, काही नव्याने येणारी कातडी जाळतं. पुसून घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांनी दिलेल्या औषधानेच. आंघोळ नाही. पावसाळा असेल तर खिडक्यांना जाळी हवी, कारण माशी बसली की जखमेत अळ्या पडतात.

दुखतंय असं वाटलं तर माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. ती पचवणारं रसायन तिच्या यकृतात पुरेसं नसतं, आणि रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नको. डॉक्टरांनी दिलेलं औषधही आपल्या मनाने वाढवायचं नाही. आणि ती घुरघुरतेय म्हणून दुखत नाही असं समजू नका, मांजरं वेदनेतही घुरघुरतात.

वाट न बघता निघायचं ते कधी? हिरड्या पांढऱ्या पडल्या, रक्त थेंब थेंब थांबतच नाही, जखमेतून पू किंवा घाण वास आला, कडा फाकल्या, मऊ फुगवटा वाढत चालला, दिवसभरात लघवीच झाली नाही, किंवा शुद्धीवर आलेली मांजर पुन्हा मलूल होऊन कोपरा धरून बसली, तर. जखमेतून काही बाहेर डोकावताना दिसलं तर आत ढकलू नका. उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ सुती कापड त्यावर ठेवा, कॉलर नीट बसलेली आहे ना बघा आणि तडक दवाखाना गाठा.

घरात दुसरं मांजर असेल तर पहिले काही दिवस वेगळं ठेवा. दवाखान्याच्या वासामुळे ते आपल्याच बहिणीला ओळखत नाही आणि अंगावर जातं. दोघींच्या अंथरुणांची अदलाबदल केली की लवकर निवळतं. माजात असताना ऑपरेशन झालं असेल तर बोके काही दिवस वासावर येत राहतात, म्हणून दारं-खिडक्या नीट लावा.

टाके काढल्या दिवशीच कॉलर काढायची घाई करू नका. नव्या कातडीला खाज सुटते, एखादा दिवस आणखी राहू द्या. मग कॉलर साबणाने धुऊन, उन्हात वाळवून ठेवा. आमची सध्या तळमजल्यावर गेली आहे. वॉचमनकाकांनी पार्किंगमधल्या तिरंगीची तारीख घेतली आहे, आणि झबली मी आजच धुवायला टाकली आहेत.