न्यू जर्सीत कमाई बेताची असेल तर राज्याचं ईआयटीसी असं मागा

अमेरिकेतला मराठी माणूस म्हटलं की सॉफ्टवेअरची नोकरी डोळ्यांसमोर येते. पण भावाने किंवा बहिणीने भरलेल्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळून चाळिशी-पन्नाशीत एडिसनला, जर्सी सिटीला उतरलेली कुटुंबंही आहेत. कुणी गोदामात, कुणी किराण्याच्या काउंटरवर, कुणी गॅस स्टेशनवर (न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला अजूनही कायद्याने मनाई आहे, त्यामुळे तिथे माणूस लागतोच). अशा घरांना केंद्र सरकार अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे ईआयटीसी देतं आणि त्याच्या जोडीला राज्यही आपलं वेगळं ईआयटीसी देतं. टॅक्स शून्य निघाला तरी हे पैसे हातात पडतात. मात्र रिटर्न भरून ते मागावे लागतात. ‘आपल्याला टॅक्सच बसत नाही, मग रिटर्न कशाला’ असं म्हणून घरी बसणारे नेमके इथेच हक्काच्या पैशाला मुकतात.

पहिल्यांदा केंद्राच्या ईआयटीसीत बसता का ते बघा, कारण न्यू जर्सीची रक्कम त्यावरूनच ठरते. २०२५ सालासाठी दोन मुलं असलेल्या आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोचं उत्पन्न ६४,४३० डॉलरच्या आत हवं. कमाई कामाची हवी; नुसत्या व्याजावर हे मिळत नाही. आपली माणसं अडकतात ती पुढच्या दोन अटींवर.

एक, नवरा, बायको आणि मुलं, सगळ्यांकडे कामाला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणारा व्हिसा) आलेल्या जोडीदाराकडे फक्त आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांना मिळणारा टॅक्सपुरता क्रमांक) असेल तर एकत्र भरलेल्या रिटर्नवर केंद्राचं ईआयटीसी मिळत नाही. दोन, मूल वर्षातला निम्म्याहून जास्त काळ तुमच्याबरोबर अमेरिकेत राहिलेलं हवं. ऑगस्टमध्ये विमानातून उतरलात तर त्या वर्षी मुलं धरता येत नाहीत, आणि वर्षाचा काही भाग तुम्ही टॅक्सच्या हिशेबाने अनिवासी ठरल्यामुळे बहुतेक वेळा ते वर्षच हातचं जातं. पुढच्या वर्षी मात्र नक्की भरा.

मग कागद जमवा. प्रत्येक नोकरीचा डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद), सुट्या कामाच्या पैशाचा तसाच कागद १०९९, सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं, फोटो ओळखपत्र, बँकेचा खाते क्रमांक. मुलाच्या शाळेचं, घरचा पत्ता असलेलं पत्र आधीच मागून ठेवा. मूल तुमच्याकडेच राहतं याचा पुरावा मागितला गेला तर तेच कामी येतं. रोखीने मिळालेली टिप किंवा घरी मुलं सांभाळून मिळालेले पैसेही दाखवायचे. ते लपवणं चूक आणि क्रेडिट वाढावं म्हणून न मिळालेले पैसे दाखवणं त्याहून वाईट. फसवणूक ठरली तर दहा वर्षं ईआयटीसी बंद होतं.

केंद्राचं रिटर्न आधी पूर्ण करा. त्यात ईआयटीसीची जी रक्कम येईल ती न्यू जर्सीच्या एनजे-१०४० फॉर्मवर ठरलेल्या ओळीत लिहायची. तिचे ४० टक्के राज्य देतं. केंद्राचे ३,००० डॉलर बसले तर राज्याचे १,२००. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न २०,००० डॉलरपर्यंतच असेल तर राज्याचं रिटर्न भरायची सक्ती नसते, पण या पैशासाठी तरीही भरायचंच. घरात पाच वर्षांपर्यंतचं मूल असेल तर त्याच फॉर्मवर राज्याचं चाइल्ड टॅक्स क्रेडिटही मागा. करपात्र उत्पन्न ३०,००० डॉलरपर्यंत असेल तर दर मुलामागे १,००० डॉलर मिळतात, त्यापुढे कमी होत जातात.

घरातल्या ज्येष्ठांचा मुद्दा फार जणांच्या लक्षात येत नाही. लहान मूल पदरी नसेल तर केंद्राची वयाची अट २५ ते ६४ आहे. न्यू जर्सीत १८ पूर्ण असले की झालं, वरची मर्यादाच नाही. म्हणजे ग्रीन कार्डावर आलेले सदुसष्ट वर्षांचे बाबा दुकानात अर्धवेळ उभे राहत असतील आणि बाकी अटींत बसत असतील, तर केंद्राकडून काही न मिळताही राज्याकडून साधारण २६० डॉलरपर्यंत मिळू शकतात. मुलाच्या रिटर्नवर ते अवलंबित म्हणून धरले जात असतील तर मात्र नाही.

जर्सी सिटीत राहून रोज न्यूयॉर्कला कामाला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: न्यूयॉर्कला टॅक्स कापला गेला तरी तिथलं राज्याचं ईआयटीसी रोख परत मिळतं ते तिथल्या रहिवाशांनाच; बाहेर राहणाऱ्याचा त्याने फार तर तिथला टॅक्स कमी होतो. तुम्ही न्यू जर्सीचं मागायला विसरायचं नाही.

रिटर्न भरायला पैसे मोजायची गरज नाही. ‘व्हिटा’ नावाच्या मोफत केंद्रांत आयआरएसने (अमेरिकेच्या केंद्र सरकारचं टॅक्स खातं) तपासलेले स्वयंसेवक केंद्राचं आणि राज्याचं, दोन्ही रिटर्न भरून देतात. २११ वर फोन केला की जवळचं केंद्र कळतं. ओळखीचा कुणी रिफंडमधले टक्के मागत असेल किंवा पैसे घेऊन रिटर्नवर सही करायला कां-कूं करत असेल, तर सरळ उठून या. सही नसलेल्या रिटर्नची जबाबदारी पुढे एकट्या तुमच्यावर येते.

मुदत १५ एप्रिल. ईआयटीसी असलेला केंद्राचा रिफंड फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी सुटत नाही, तेव्हा जानेवारीत भरून घाई करणाऱ्यांनी त्या पैशावर भाड्याचा वायदा करू नये. मागची वर्षं राहून गेली असतील तर तीन वर्षांपर्यंतची अजून मागता येतात. फक्त त्या त्या वर्षीच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत सोशल सिक्युरिटी नंबर मिळालेला असायला हवा. नंतर मिळालेला मागच्या वर्षाला चालत नाही.