जिभेवर अडकलेला शब्द

स्टुलावर उभा राहून मी मुलीकडे हात पुढे केला. ‘अगं, ते दे ना... ते, खिळा उपसायचं!’ वस्तू डोळ्यांसमोर स्पष्ट, बोटं तशीच मिटतायत, पण तोंडात येतंय ‘सांडशी’. अर्धा मिनिट झटापट केली. शेवटी तीच म्हणाली, ‘बाबा, पक्कड.’

चाळिशीनंतर हे वारंवार व्हायला लागलं आणि मी घाबरलो. मग जरा वाचलं. शब्दाचा अर्थ आणि त्याचा उच्चार मेंदूत वेगवेगळे साठवलेले असतात. अर्थ सापडतो, उच्चारापर्यंतचा धागा कच्चा पडतो. क्वचित वापरातले शब्द आणि माणसांची नावं म्हणूनच जास्त अडकतात. (नावांना अर्थाचा टेकूच नसतो!) वयाबरोबर हे थोडं वाढतंच. वस्तू कशासाठी वापरतात हेच आठवेनासं झालं, तर मात्र डॉक्टर गाठावा.

माझी खरी चूक होती ताणून धरण्याची. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं, की जितका वेळ आपण अडकून राहतो, तितका तोच शब्द पुढच्या वेळी पुन्हा अडकण्याची शक्यता वाढते. मेंदू चूकच गिरवतो.

आता मी झटापट करत नाही. पहिलं अक्षर आठवतंय का बघतो, ‘क, ग, प...’ असं पुटपुटतो. नाहीच आलं तर सरळ विचारतो. सापडला की तीन-चारदा मोठ्याने म्हणतो.

‘पक्कड’ त्यानंतर अडकलेली नाही. ‘पाना’ मात्र परवाच अडकला.