हीट गन घेताना सर्वांत कमी तापमान आधी पाहावे

हीट गन म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारे विजेचे हत्यार. तिच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात, एक वॅटचा आणि दुसरा कमाल तापमानाचा. घेणाराही बहुधा याच दोन आकड्यांची तुलना करतो आणि ज्या गनचे आकडे मोठे ती चांगली, असे ठरवून मोकळा होतो. वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष कोणती कामे होतात हे समोर ठेवले, तर हा हिशेब टिकत नाही. कारण त्यांतील बहुतेक कामे कमी तापमानाची असतात आणि गन किती तापते यापेक्षा ती किती कमी तापमानावर स्थिर राहते यावरच काम सुधारते किंवा बिघडते.

उदाहरणादाखल काही आकडे सेल्सिअसमध्ये पाहू. वायरच्या जोडावर चढवायची पॉलिओलेफिन या प्लास्टिकची श्रिंक ट्यूब ९० अंशांच्या आसपास आकसू लागते आणि साधारण १२० अंशांना पूर्ण बसते. पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, तर अ‍ॅक्रिलिकची शीट वाकवण्यासाठी ती साधारण १५० ते १६५ अंशांपर्यंत तापावी लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये घट्ट बसलेले बेअरिंग काढायचे असेल, तर हाउसिंग शंभर अंशांच्या आसपास नेले की सहसा काम भागते; त्याहून फार वर गेल्यास बेअरिंगमधील ग्रीस आणि सील दोन्ही खराब होतात. जुना स्टिकर तर याहूनही कमी उष्णतेत सुटतो. ४५० ते ५५० अंशांची हवा खऱ्या अर्थाने लागते ती लाकडावरचा किंवा पत्र्यावरचा रंग खरवडताना.

हे आकडे वस्तूच्या तापमानाचे आहेत, हवेच्या नव्हेत. वस्तू लवकर तापावी म्हणून हवा तिच्यापेक्षा बरीच गरम ठेवावी लागते, आणि नोझलपासून चार बोटे दूर जाताच ती झपाट्याने उतरतेही. तरीसुद्धा ५०० अंशांची हवा पातळ श्रिंक ट्यूबवर क्षणभर जास्त रेंगाळली, की ट्यूब काळी पडते आणि आतील वायरचे इन्सुलेशनही वितळते. पीव्हीसी करपला तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घशाला झोंबणारा आणि आसपासच्या लोखंडी हत्यारांना गंज चढवणारा वायू निघतो. जिचे सर्वांत कमी तापमान ३०० अंश आहे अशा गनने ही कामे होतच नाहीत असे नाही, पण ती हाताच्या अंतरावर आणि नशिबावर सोडावी लागतात.

म्हणून गन निवडताना पहिला प्रश्न तापमान कसे बदलते हा असावा. सर्वांत साध्या गनमध्ये दोनच पायऱ्या असतात, साधारण ३०० आणि ५०० अंशांच्या, आणि हवाही त्याच बटणासोबत कमीजास्त होते. अशी गन फक्त रंग काढण्यासाठी हवी असेल तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे फिरवायच्या चकतीने तापमान हळूहळू वाढवता येणारी गन. तिच्यापुढे ५० अंशांपासून सुरुवात करून दहा-दहा अंशांनी बदलणारी, पडदा असलेली गन येते. यांत खरा भेद पडद्याचा नसतो. नोझलजवळ सेन्सर बसवून त्याच्या मापाप्रमाणे कॉइलचा, म्हणजे हवा तापवणाऱ्या तारेचा, प्रवाह सतत सावरला जातो की केवळ चकतीच्या स्थितीनुसार कॉइलला कमीजास्त वीज दिली जाते, हा भेद महत्त्वाचा आहे. दुसऱ्या प्रकारात नोझल अरुंद केले किंवा विजेचा दाब बदलला की तापमानही सरकते, आणि पडदा मात्र तोच आकडा दाखवत राहतो. वर्कशॉपमध्ये नाना तऱ्हेची कामे येत असतील, तर सेन्सरवाली आणि हवेचा वेग तापमानापासून वेगळा बदलता येणारी गनच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वॅट, तापमान आणि हवा हे तीन आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत, आणि जाहिरातीची परीक्षा याच नात्याने करता येते. मिनिटाला २०० लिटर थंड हवा आत घेतली, तर २००० वॅटची उष्णता तिला साधारण ५०० अंशांनी तापवू शकते. तीच हवा ५०० लिटर घेतली, तर तापमानवाढ २०० अंशांच्या आसपास उरते. त्यामुळे एकाच खोक्यावर ‘२००० वॅट, ६०० अंश, ५०० लिटर’ असे लिहिलेले असेल, तर शेवटचा आकडा तापून फुगलेल्या हवेचा आहे किंवा तापमान आणि हवा हे आकडे दोन वेगळ्या सेटिंगचे आहेत, असे समजावे. जाड धातूचे भाग तापवायचे असतील तर वॅट खरोखरच उपयोगी पडतात, कारण धातू उष्णता भराभर दूर वाहून नेतो. वायरिंगच्या आणि प्लास्टिकच्या कामाला १५०० वॅट पुरून उरतात.

जास्त वॅट घेतले, तर ते पेलणारा प्लग आणि वायरही हवी. २३० व्होल्टवर २००० वॅटची गन जवळपास ८.७ अँपिअर ओढते, आणि १२० व्होल्टवर १५०० वॅटचीच गन १२.५ अँपिअर. बारीक वायरचे एक्स्टेंशन अशा वेळी स्वतःच तापते. गुंडाळीत ठेवलेले असेल तर अधिकच. शिवाय कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी २०० व्होल्ट पोहोचले, तर २००० वॅटची गन जेमतेम १५०० वॅटची उरते, आणि दोष मात्र गनला दिला जातो.

गनच्या बांधणीत काही गोष्टी हातात धरूनच कळतात. गन मागच्या बाजूवर सरळ उभी राहिली पाहिजे आणि केबलला धक्का लागला तरी डळमळता कामा नये, कारण श्रिंक ट्यूबच्या कामात दोन्ही हात मोकळे लागतात आणि गन टेबलावर तोंड वर करून चालू ठेवावी लागते. केबल रबरी असेल तर ती लवचीक राहते आणि वर्कशॉपमधली ओढाताण सोसते. नोझलच्या बाबतीत संख्येला भुलू नये. ट्यूबभोवती हवा वळवणारे चमच्यासारखे रिफ्लेक्टर नोझल, बारीक तोंडाचे नोझल आणि रंगासाठी चपटे नोझल, एवढे तीन बहुतेकांना पुरतात. मात्र नोझल सैल बसत नाही ना हे जरूर पाहावे, कारण तापलेले नोझल कामाच्या मध्येच गळून पडणे फार वाईट. फार अरुंद नोझलने हवा अडते आणि कॉइल जास्त तापते, म्हणून अतितापाने आपोआप बंद होण्याची सोय असल्याची खात्री करून घ्यावी.

सर्किट बोर्डवरील बारीक भाग काढण्यासाठी ही गन घेऊ नये. तिची हवा शेजारचे भाग उडवून लावते आणि त्या कामासाठी वेगळे हॉट एअर स्टेशन असते. बॅटरीवरची गन जागोजागी फिरून वायरिंग करणाऱ्याला सोयीची असली, तरी १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम ९० वॅट-तास ऊर्जा असते, आणि ३६० वॅटची गन ती पंधरा मिनिटांत संपवते.

रंग काढण्याच्या कामाबद्दल एक गोष्ट निवडीच्या आधीच ठरवून घ्यावी. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असेल, तर आधी त्याची तपासणी करावी आणि शिसे आढळल्यास गन हाती घेऊ नये. कमाल तापमानाच्या जवळ चालवलेली गन त्यातून विषारी धूर काढते. थिनर, पेट्रोल किंवा रंग काढायचे रसायन जवळ असताना तर कोणतीच गन चालवता येत नाही.

नवी गन आणली की प्रथम हवेशीर जागी दहा मिनिटे रिकामी चालवावी. सुरुवातीला थोडा वास येतो तो सहसा कॉइलवरील धूळ-तेलाचा असतो आणि निघून जातो. तो राहिला किंवा पंखा खरखरला, तर गन लगेच परत करावी. थर्मोकपल (तारेच्या टोकाने तापमान मोजणारे साधन) असल्यास ते नोझलसमोर एक सेंटिमीटरवर धरून १००, २०० आणि ४०० अंशांना मोजून पाहावे. इन्फ्रारेड थर्मामीटर येथे चालत नाही, कारण ते हवेचे नव्हे तर समोरच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवते, आणि चकचकीत धातूवर तर तेही चुकते. शेवटी गनला थंड हवेची सोय आहे का ते तपासावे. काम संपल्यावर एखाददोन मिनिटे थंड हवा फिरू दिली नाही, तर कॉइलची उरलेली उष्णता आतील सिरॅमिकला आणि प्लास्टिकच्या भागांना लागते. त्यानंतरही नोझल बराच वेळ गरम राहते, म्हणून गन खुंटीला अडकवताना तिचे तोंड केबलपासून आणि चिंध्यांच्या डब्यापासून लांब राहील अशी जागा आधीच ठरवावी.