रेव्हरंड टिळकांचे चरित्र वाचनमंडळात कसे मांडावे

इंदूरमध्ये राजेंद्रनगर, सुदामानगर, रामबाग अशा भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि संतचरित्रावरील व्याख्यान किंवा कवितावाचन येथील श्रोत्यांना नवे नाही. मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव निघाले की ‘केवढे हे क्रौर्य’ ही शाळेत वाचलेली कविता आठवते, फार तर ‘फुलामुलांचे कवी’ ही ओळख पुढे येते, आणि त्यांच्या आयुष्याचा गाभा असलेले भक्तिलेखन व सेवाकार्य बाजूलाच राहते. ज्यांना आपल्या मंडळात टिळकांवर दीड-दोन तासांचा कार्यक्रम करावयाचा आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहीत आहे. टिळकांनी अभंग का लिहिले हे श्रोत्यांना समजले तर त्यांचे ख्रिस्ती धर्मात झालेले धर्मांतर, संसार आणि अखेरची वर्षे या तिन्ही गोष्टी आपोआप उलगडतात. उलट धर्मांतरापासून आरंभ केला तर सभा त्याच वादात अडकते आणि कवी हाती लागत नाही.

साधने कोणती घ्यावीत

पहिले साधन म्हणजे टिळकांची स्वतःची रचना. ‘अभंगांजली’, अपूर्ण राहिलेले काव्यमय ख्रिस्तचरित्र ‘ख्रिस्तायन’, मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत आजही गायिली जाणारी गीते, आणि ‘वनवासी फूल’ यांसारख्या कविता. दुसरे साधन लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. तिसरे, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातील लेखन. हे पत्र १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाले आणि त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. जुने अंक सर्वांच्या हाती लागणार नाहीत. ते न मिळाल्यास कार्यक्रम अडू देऊ नये, परंतु पहिली दोन साधने मुळातून वाचल्याखेरीज व्याख्यानाची तारीख ठरवू नये.

या साधनांचे वजन सारखे नाही, हे टिपण काढताना सतत ध्यानात ठेवावे. अभंग त्या त्या काळी लिहिला गेला आहे; ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये, म्हणजे टिळकांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकल्या आणि मुलगा देवदत्त यांच्या आग्रहाने आठवणी लिहू लागल्या. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण आहे आणि त्यांच्याइतका सत्यनिष्ठ साक्षीदार मराठी आत्मचरित्रात क्वचितच सापडेल. तरी तेथील टिळक हे पत्नीने पाहिलेले टिळक आहेत. वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ मारून एका बाजूस ‘टिळक काय म्हणतात’ आणि दुसऱ्या बाजूस ‘लक्ष्मीबाई काय म्हणतात’ असे लिहीत गेल्यास व्याख्यानात दोघांचे शब्द एकमेकांत मिसळत नाहीत.

काळाचा सांगाडा

सनावळी श्रोत्यांना ऐकवत बसू नये, परंतु वक्त्याच्या हाताशी ती असलीच पाहिजे. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाईंशी, त्यांचा विवाह झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुढे एका ठिकाणी न टिकणारी नोकरी आणि अस्वस्थ भटकंती चालली, आणि त्यातील महत्त्वाचा मुक्काम नागपूरचा, जेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे त्या गृहस्थाने म्हटले, तेव्हा टिळकांना ते पटले नाही. पण वाचताना येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो एका भारतीय पाळकाच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूच्या, हातून व्हावा असा त्यांनी आग्रह धरला होता, ही गोष्ट वक्त्याने अवश्य सांगावी, कारण पुढच्या सगळ्या कार्याची दिशा तिच्यात दिसते.

त्यानंतरचे टिळक मुख्यतः अहमदनगरचे. हे आजचे अहिल्यानगर. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी त्याच जिल्ह्यात असल्याने इंदूरच्या श्रोत्याला त्या भूगोलाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. तेथे अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत शिकवणे, आसपासच्या गावांत उपदेश करणे, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा, राहुरीचा मुक्काम, आणि शेवटी सातारा हा क्रम लक्षात ठेवावा. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

एक सावधगिरी येथेच नोंदवावीशी वाटते. स्थानिक कार्यक्रम असला की चरित्रनायकाला आपल्या गावाशी जोडण्याचा मोह होतो. इंदूरमधील प्रॉटेस्टंट कार्य कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ पासून उभे केले. टिळकांचे कार्य अमेरिकन मराठी मिशनशी निगडित होते, जे मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये आले. हे दोन वेगळे प्रवाह आहेत आणि त्यांना ओढूनताणून एकत्र आणण्याचे कारण नाही. काळाची जाणीव द्यावयाची असेल तर इतके सांगणे पुरे, की १९१७ मध्ये, जेव्हा आपल्या इंदुरात गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच वर्षी साताऱ्यास टिळक आपल्या आयुष्याचा अखेरचा आणि सर्वांत धाडसी प्रयोग आरंभीत होते.

आरंभ अभंगापासून

कार्यक्रमाची पहिली वीस मिनिटे काहीही न सांगता टिळकांचे तीन-चार अभंग गाण्यासाठी ठेवावीत. कवीचे नाव जाहीर करावे, परंतु विवेचन नंतर करावे. वारकरी भजनाची सवय असलेल्या कानाला हे अभंग परके वाटत नाहीत, आणि तसेच व्हावे अशी टिळकांची इच्छा होती. पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचत नाहीत हे त्यांनी ओळखले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. ज्या माणसाने धर्म बदलला त्याने ज्ञानोबा-तुकोबांची वाट सोडली नाही, हे श्रोत्यांना तर्काने पटवण्यापेक्षा कानाने ऐकवावे.

गाणाऱ्यांची तयारी करून घेताना छंदाकडे लक्ष द्यावे. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार असतात, यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. इंदूरच्या तरुण पिढीचे शिक्षण बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून झालेले असते, त्यामुळे ती देवनागरी सफाईने वाचते, पण अक्षरे मोजून थांबण्याची सवय तिला नसते आणि चरण भलत्याच जागी तुटतो. टाळ देऊन दोन वेळा म्हणून घेतल्यास ही अडचण दूर होते. पेटी आणि टाळ एवढी साथ पुरेशी आहे. प्रत्येक अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी स्वतःला देवापुढे कोणत्या नात्याने उभे करतो हे वाचकाने टिपून ठेवावे, कारण विवेचनाचा पहिला मुद्दा तेथून मिळतो.

ताटातुटीची वर्षे

चरित्राचा सर्वांत कठीण आणि सर्वांत समृद्ध भाग हा आहे, आणि त्याला वेळही सर्वाधिक द्यावा. बाप्तिस्म्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नी वेगळी राहिली. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या, काही काळ पंढरपुरात होत्या. टिळक पत्रे पाठवीत होते. एका बाजूने पाहिले तर अंतःकरणात सापडलेले सत्य लपवणे टिळकांना अशक्य होते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्या निर्णयाने पत्नीचे सारे जग कोसळले, तो त्यांनी एकट्याने घेतला. भक्तिलेखकाची चरित्रे लिहिताना या ठिकाणी पुष्कळदा घाई केली जाते, आणि श्रद्धेच्या विजयाची गोष्ट सांगण्यासाठी घरातील दुःख दोन ओळींत उरकले जाते. तसे मुळीच करू नये. टिळकांच्या अभंगांतील आर्तता या वर्षांच्या पार्श्वभूमीवर वाचली तरच ती शब्दांची सजावट वाटत नाही.

हा भाग वक्त्याने आपल्या शब्दांत न सांगता ‘स्मृतिचित्रे’तून वाचून दाखवावा, आणि वाचणारी व्यक्ती शक्यतो स्त्री असावी. नाट्य आणू नये. लक्ष्मीबाई रडवेल्या स्वरात लिहीत नाहीत, त्या नेमके सांगतात आणि पुढे जातात. सोवळ्याओवळ्याच्या कडक वळणात वाढलेल्या या बाईंनी पुढे जातिभेद माणसाने निर्माण केला असे स्वतःच्या विचाराने ठरवले आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला, तो प्रसंग निवडीत असलाच पाहिजे. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको झाली, हे सोपे विधान त्या प्रसंगाने आपोआप मागे पडते.

सेवाकार्य कसे दाखवावे

टिळकांचे सेवाकार्य म्हणजे केवळ प्रवचने नव्हेत. कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती उपासनेत रुजावी यासाठी त्यांनी झटून काम केले. तरुण कवींना त्यांच्या घरी आसरा मिळे. ‘बालकवी’ त्र्यंबक बापूजी ठोमरे त्यांच्या कुटुंबात राहिले, ही गोष्ट कविताप्रेमी श्रोत्यांना फार जवळची वाटते आणि तिच्यावर पाच-सात मिनिटे जरूर खर्च करावीत. संपादनकार्यावर थोडक्यात बोलले तरी चालेल.

१९१७ मधील निर्णय मात्र विस्ताराने सांगावा. मिशनचे वेतन सोडून टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचे हे बंधुमंडळ होते, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. परदेशी पैशावर आणि परदेशी शिस्तीवर चालणारी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, आपल्या लोकांची कधी होणार नाही, ही त्यांची वेदना होती. मिशनमधील काही माणसे त्यांची स्नेही होती, त्यामुळे हा वैराचा प्रसंग म्हणून रंगवू नये. दोन वर्षांच्या आत टिळक गेले आणि प्रयोग पूर्णत्वाला पोहोचला नाही, तरी भारतीय ख्रिस्ती उपासनेच्या विचारात त्याचे मोल मोठे आहे असे माझे ठाम मत आहे. ‘ख्रिस्तायन’ही अपूर्ण राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्यातील मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. एकेकाळी अक्षरओळखही नसलेल्या स्त्रीने नवऱ्याचे महाकाव्य पूर्ण करावे, याचे वेगळे विवेचन करण्याची गरज नाही; दोघांच्या हातचा एकेक उतारा लागोपाठ वाचून दाखवावा आणि शैलीतील फरक श्रोत्यांना ओळखू द्यावा.

प्रश्नोत्तरांची तयारी

सभेत हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही श्रोते असतील, तर धर्मांतराविषयी प्रश्न येणारच. तो टाळू नये आणि त्यावर स्वतःचे सामान्य मतप्रदर्शनही करू नये. उत्तर टिळकांच्या आयुष्यातूनच द्यावे: त्यांनी वर्षानुवर्षे शास्त्रे वाचली, नवा करार मिळाल्यावरही सुमारे दोन वर्षे विचार केला, समाजाचा बहिष्कार सोसला आणि देशाभिमान सोडला नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे समाधान झाले नाही तरी चर्चा वस्तुस्थितीवर राहते. ख्रिस्ती श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी टिळकांची गीते गाण्याची रीत असल्यास त्यांना आधी भेटून बोलावे आणि त्यांच्या घरातील चाल कार्यक्रमात घ्यावी. छापील पुस्तकातून न मिळणारी माहिती अशीच मिळते. कार्यक्रमानंतर वाचलेल्या प्रत्येक उताऱ्याखाली पुस्तकाची आवृत्ती आणि पृष्ठ लिहिलेली एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा वक्ता पंडिता रमाबाई किंवा बाबा पदमनजी यांच्यावर बोलावयास उभा राहील तेव्हा त्याला ती वही उपयोगी पडेल.