शेतीकर्जाची नोकरी आणि घरची शेती : या चुका टाळा

सांगली-साताऱ्यात शेतीकर्ज देणाऱ्या माणसाच्या घरी बहुधा शेती असतेच. तो जिल्हा बँकेचा शाखाधिकारी असो, राष्ट्रीयीकृत बँकेचा कृषी अधिकारी असो की गावात पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीचा गटसचिव, दिवसभर इतरांच्या उसाची आणि बागांची पाहणी करून तो संध्याकाळी घरच्या रानातली मोटार का बंद पडली याची चौकशी करतो. वेळ पुरत नाही अशी तक्रार यातले सगळेच करतात. वास्तविक वेळेपेक्षा हंगाम आडवा येतो, कारण ज्या महिन्यांत शेतीला घरचा माणूस हवा असतो, त्याच महिन्यांत बँकेलाही तो हवा असतो. पुढील बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

मार्चमध्ये रजा मिळेल असे धरून चालणे

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात द्राक्षाची काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात चालते, आणि खरीप पीककर्जाच्या परतफेडीची मुदत असते 31 मार्च. बेदाण्याचे शेड भरलेले असते, व्यापारी दराची बोलणी करायला दारात उभा असतो आणि घरचा जाणता माणूस वसुलीच्या याद्या घेऊन दुसऱ्याच गावात फिरत असतो. एप्रिलमध्ये काढणीनंतर होणाऱ्या खरड छाटणीला नव्या कर्जवाटपाची गर्दी आडवी येते, तर ऑक्टोबरच्या फळछाटणीला रब्बीचे वाटप. हे दरवर्षी ठरलेले असूनही त्याचा विचार ऐन वेळी केला जातो. फळछाटणीपासून काढणीला चार-साडेचार महिने लागतात, हे लक्षात घेऊन छाटणीची तारीख ठरवतानाच काढणी फेब्रुवारीत उरकेल का, हे पाहावे. अर्थात लवकर छाटलेली बाग परतीच्या पावसात सापडते आणि डावणी रोगाचा धोका वाढतो, त्यामुळे सगळी बाग एकदम पुढे ओढणेही शहाणपणाचे नाही. ज्याच्या घरी दुसरे कर्ते माणूस नाही त्याने द्राक्षाचे क्षेत्र कमी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊस त्या मानाने सोशिक आहे, पण त्याच्या तोडीची तारीख आपल्या हाती नसते. कारखान्याची टोळी अचानक फडात उतरते, खुशालीची म्हणजे मजुरीवर वरच्या पैशांची मागणी होते, गाडीवालाही ‘एन्ट्री’ म्हणून वरचे पैसे मागतो. त्या दिवशी बांधावर घरचे कोणी नसेल तर उसाचे बुडखे उंच राहतात आणि त्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला, म्हणजे खोडव्याला, त्याचा फटका बसतो. या कामासाठी कोणी थांबायचे, हे गळीत हंगाम सुरू होण्याआधीच घरात ठरलेले असावे.

शेतीचे निर्णय फोनवरून घेणे

छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे कोवळी फूट बाहेर पडताना, पाऊस झाला, तर फवारणी त्याच दिवशी करावी लागते. बागेत उभी असलेली पत्नी किंवा धाकटा भाऊ फोन करतो तेव्हा साहेब कर्ज मंजुरीच्या बैठकीत असतात, आणि ‘थांबा, मी आल्यावर बघतो’ या उत्तरात तो दिवस जातो. मजुरीचेही तसेच होते. बाजाराच्या दिवशी बायकांचा पगार करायचा असतो, हजेरीची वही घरात पत्नीकडे असते, मात्र खाते पतीच्या नावावर आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, म्हणून मजूर संध्याकाळपर्यंत ओट्यावर ताटकळतात. जो बांधावर हजर आहे, त्याच्याकडे निर्णय आणि पैसा दोन्ही सोपवावेत. त्यासाठी शेतीखर्चाचे वेगळे खाते घरच्या माणसाच्या नावाने उघडून हंगामाची रक्कम त्यात आधीच भरावी आणि हिशेब महिन्यातून एकदाच पाहावा. रोज जाब विचारला तर सोपवण्याला अर्थ उरत नाही.

भावकीचे कर्ज अंगावर घेणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लग्नाच्या पंगतीत जमिनीचे सातबारा आणि आठ-अ हे उतारे खिशात सरकवणारा चुलता प्रत्येकाला असतो, आणि त्याला नाही म्हणणे अवघड असते. मात्र रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार व्यापारी बँकेतील अधिकाऱ्याला स्वतःच्या नातेवाइकाचे कर्ज मंजूर करता येत नाही, ते प्रकरण वरच्या मंजुरी अधिकाऱ्याकडे जावे लागते. हा नियम अडचण न मानता ढाल म्हणून वापरावा. ‘तुमचे प्रकरण माझ्या सहीने होतच नाही, कागद शाखेत द्या,’ असे पहिल्याच भेटीत सांगितले की पुढचा रुसवाफुगवा बराच कमी होतो. सहकारी बँकेत किंवा सोसायटीत काम करणाऱ्यानेही, लेखी बंधन असो वा नसो, हीच शिस्त पाळावी.

मंजुरी टाळणारे अनेक जण जामीन मात्र राहतात. करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि वसुली करणाऱ्याला पगारदार जामीनदार सर्वांत सोपा सापडतो. त्याहून वाईट म्हणजे कर्ज थकलेल्या नातेवाइकाला ‘नवं-जुनं’ करून देण्याची मदत. जुने कर्ज सावकाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या उसनवारीतून एका दिवसापुरते भरायचे आणि नव्या कर्जातून ती उसनवारी फेडायची, या फेऱ्यात कर्ज कमी होत नाही आणि उसनवारीचे व्याज तेवढे वाढते. मुदत संपण्याआधी दोन-तीन महिने त्याच्या उसाचे किंवा सोयाबीनचे पैसे कधी येणार, हे विचारून ठेवणे ही खरी मदत आहे.

स्वतःच्या घरचे सोसायटीचे कर्जही तारखेच्या आत भरलेले असावे. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर वेळेत परतफेड केल्यास केंद्राकडून मिळणारी व्याजातली 3 टक्क्यांची सवलत म्हणजे पूर्ण 3 लाखांवर वर्षाला 9,000 रुपये. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतील राज्याची सवलतही वेळेवर भरण्यावरच अवलंबून असते. शिवाय ‘साहेबांचंच थकलंय’ हे वाक्य गावात फिरू लागले, की त्या गावातली वसुली कठीण होते.

पगार शेतीत मुरवणे

पगार दर महिन्याला येतो म्हणून पाइपलाइनसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी वैयक्तिक कर्ज, नाहीतर पगारदार पतसंस्थेचे कर्ज काढले जाते. त्याचा हप्ता महिन्याला कापला जातो आणि शेतीचे उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदाच येते, त्यामुळे मुलांची फी आणि किराणा त्या हप्त्याखाली दबतो. शेतीच्या मुदत कर्जाचे हप्ते पिकाच्या उत्पन्नाप्रमाणे सहामाही किंवा वार्षिक बांधता येतात, हे दिवसभर इतरांना समजावणाऱ्याने घरीही लक्षात ठेवावे.

कागद अर्धवट ठेवणे

मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती आणि तिचे कुटुंब पीएम-किसानच्या वार्षिक 6,000 रुपयांना अपात्र ठरते. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान (18 वर्षांखालील) मुले, त्यामुळे जमीन पत्नीच्या नावावर आहे ही सबब चालत नाही आणि घेतलेली रक्कम परत करावी लागते. आई-वडिलांच्या नावे स्वतंत्र जमीन असेल तर त्यांची पात्रता वेगळी तपासली जाते.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते वर्षाला 5,000 रुपयांहून अधिक असेल आणि पगार करपात्र मर्यादेपलीकडे असेल, तर कराचा दर ठरवताना ते हिशेबात धरले जाते, म्हणून विवरणपत्रात ते दाखवावे. त्यासाठी कारखान्याची ऊसबिले, आडत्याच्या विक्रीच्या पट्ट्या आणि खतांच्या पावत्या एका फाइलला लावाव्यात, आणि ती फाइल बँकेच्या टेबलाच्या खणात न ठेवता घरी ठेवावी.