कपच्या यादीतली गावं कशी वाचावीत

ऑगस्टात आमच्या मालवणात मैदानाचं तळं झालेलं असतं, म्हणून मी एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेच्या, अगदी सुरुवातीच्या फेऱ्यांची यादी उघडून बसतो. प्रीमियर लीगवाले जानेवारीत, तिसऱ्या फेरीत उगवतात. मजा त्याआधीच्या गावांची.

आधी क्लबांच्या नावांतली टाऊन, युनायटेड, अल्बियन ही शेपटं छाटा आणि उरलेल्या नावाचा शेवट बघा. सेल्बी, व्हिटबी असा 'बी' आला, की नॉर्स लोकांचं, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांचं गाव. क्लीथॉर्प्समधलं 'थॉर्प' म्हणजे मोठ्या गावापासून सुटी वस्ती, आपली वाडीच म्हणा ना. टॅडकास्टरमधलं 'कास्टर' रोमन ठाण्याचं. मग नकाशा काढा. बी आणि थॉर्प यॉर्कशर-लिंकनशरात दाटीनं सापडतील, कारण डेन लोक, म्हणजे डेन्मार्ककडचे नॉर्स, तिथे मोठ्या संख्येनं स्थिरावले.

'हॅम'वर मात्र लगेच भरवसा ठेवू नका. पुष्कळदा तो घर-वस्तीचा असतो, पण ईव्हशमचा हॅम नदीच्या वळणातल्या जमिनीचा. एव्हन नदी त्या गावाला कसा वळसा घालते ते बघा. आमच्या कर्ली नदीच्या काठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आजचं स्पेलिंग दोन्हींचं सारखंच, म्हणून जुन्या कागदपत्रांतली रूपं ताडून बघायची.

काही क्लब गावाचं नाव लावतच नाहीत. 1894 चा 'मरीन' हा क्लब एका हॉटेलवरून नाव घेऊन बसलाय. 2021 मध्ये टॉटनहॅमकडून 0-5 हरला तोच. अशांचं मैदान कुठल्या गावात आहे ते शोधा: मरीनचं इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रॉस्बीत, म्हणजे क्रूसाचं गाव. इथले नॉर्स मात्र आयरिश समुद्राकडून आलेले.